नवलगढ पायीच पाहावे

राजस्थानच्या झुंझुनू जिल्ह्यातले नवलगढ हे थरच्या वाळवंटाच्या पूर्व कडेवरचे गाव. जयपूरच्या वायव्येला साधारण १४० किलोमीटरवर, सीकर आणि झुंझुनू यांच्या मध्ये. पाऊस बेताचा, जमीन रेताड, शेतात बाजरी आणि बांधावर खेजडीची झाडे. अशा रखरखीत मुलखात या गावच्या गल्लीगल्लीतून भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत, जोत्यापासून थेट छज्ज्याखालच्या तोड्यांपर्यंत. कृष्ण आणि गोपी, हत्तींची मिरवणूक, उंटावरचे ढोला-मारू, आगगाडी, मोटार, ग्रामोफोन ऐकणारी मडम, सारे एकमेकांशेजारी. ही चित्रे देवळांतली नाहीत, राजवाड्यातलीही नाहीत. ती व्यापाऱ्यांच्या राहत्या घरांवर आहेत, आणि त्यांतली कितीतरी रस्त्याकडे तोंड करून आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहावीत म्हणूनच ती काढली गेली. तेव्हा नवलगढ पाहायचे ते पायी आणि आपल्या चालीने.

शेखावाटी हे या प्रदेशाचे नाव पंधराव्या शतकातल्या राव शेखा यांच्यावरून पडले. त्यांच्या वंशातल्या शार्दूलसिंहांनी १७३० च्या सुमारास झुंझुनू घेतले आणि त्यांचे पुत्र नवलसिंह यांनी १७३७ मध्ये हे गाव वसवले. भोवती तट, तटाला चार दरवाजे, मध्ये बाला किला आणि किल्ल्याच्या अंगाला बाजार, अशी गावाची मूळ मांडणी. तट आता फारसा उरलेला नाही, पण अगूणा, बावडी, मंडी आणि नानसा ही दरवाज्यांची नावे पत्ता सांगताना अजून तोंडात येतात. अठराव्या शतकात या भागाला मराठी फौजांचाही उपद्रव झाला. जवळच्याच फतेहपूरला १७९९ मध्ये वामनराव या मराठा सरदाराच्या बाजूने लढणाऱ्या जॉर्ज थॉमसची आणि जयपूरच्या फौजेची मोठी लढाई झाली होती. मराठी माणसाने या दरवाज्यांतून आत शिरताना ती आठवण ठेवलेली बरी.

पण नवलगढ घडले ते तलवारीमुळे नव्हे, व्यापारामुळे. गुजरातची बंदरे आणि दिल्लीकडचे बाजार यांना जोडणाऱ्या उंटांच्या तांड्यांच्या वाटा शेखावाटीतून जात. इथले ठाकूर शेजारच्या संस्थानांपेक्षा जकात कमी घेत, त्यामुळे महाजन इथे येऊन राहिले. जकातीवरून बिनसले की ही मंडळी गाव सोडायला मागेपुढे पाहत नसत. चूरूच्या पोद्दारांनी अशाच भांडणातून १७९१ मध्ये बाहेर पडून रामगढ वसवले. पुढे इंग्रजांची सत्ता स्थिरावली, माल कोलकाता आणि मुंबई या बंदरांकडे वळला आणि तांड्यांच्या वाटा ओस पडू लागल्या. मग व्यापारीही मालामागे गेले. बायकामुले गावी ठेवून पुरुष परमुलखात राहिले. कुणी अफूत, कुणी तागात, कुणी कापसात पैसा कमावला, आणि तो पैसा गावी घर बांधण्यासाठी परत आला. साधारण १८३० ते १९३० या शंभर वर्षांत शेखावाटीत जी चित्रे भिंतींवर चढली, ती अशा दूर राहणाऱ्या घरधन्यांच्या पैशातून.

या पैशाचा मोठा वाटा मुंबईचा होता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालू असताना इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीने शहर बदलले आणि काळबादेवीच्या पेढ्यांवर मारवाडी नावे वाढत गेली. मुंबईच्या कापूस बाजारात दबदबा असलेले गोविंदराम सेक्सरिया नवलगढचे. आनंदीलाल पोदारही नवलगढचेच. माटुंग्याला १९४१ मध्ये निघालेल्या पोदार कॉलेजला याच घराण्याचे नाव आहे. वर्ध्याचे जमनालाल बजाज यांचा जन्म १८८९ मध्ये सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात झाला आणि ते दत्तक होऊन विदर्भात आले. मुंबईत आणि वर्ध्यात ही घराणी इतकी रुळली की त्यांचे मूळ गाव कोणते हा प्रश्न कुणाला पडत नाही. नवलगढच्या गल्लीत मात्र दारावरच्या पाट्या वाचत चालणाऱ्या मुंबईकराला एकेक नाव ओळखीचे लागते.

गावाच्या पूर्व अंगाने सुरुवात करणे सोयीचे, कारण पोदारांची हवेली तिथेच आहे. ती १९०२ ची. आता तिचे संग्रहालय झाले असून तिकीट काढून आत जाता येते. हवेली म्हणजे काय, तिचा आराखडा कसा असतो, हे समजून घ्यायला याहून चांगली जागा गावात नाही. रस्त्यापासून एक चढ दाराशी जातो. दार प्रचंड, पितळी कोंदणाचे, आणि त्या दारातच एक लहान दार. मोठे दार वरातीला आणि सणासुदीला, लहान दार रोजच्या जाण्यायेण्याला. आत पहिला चौक पुरुषांचा. त्याच्या एका बाजूला बैठक, तिथे पांढऱ्या गाद्या, लोड, हिशेबाच्या वह्या, आणि छताला टांगलेला, बाहेरून दोरीने ओढायचा पंखा. दुसऱ्या चौकाचे दार पहिल्याच्या सरळ रेषेत नसते. रस्त्यावरची किंवा बैठकीतली नजर आत जाऊ नये म्हणून वाट मुद्दाम वळवलेली असते. आतला चौक बायकांचा, तिथेच स्वयंपाक आणि पाण्याची जागा. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो अशा गावात हे चौक घराला सावली आणि वारा पुरवतात, आणि त्यांच्या चारी भिंती चित्रकाराला मोकळ्या मिळतात.

दाराच्या चौकटीवर पोपट-मोर कोरलेली लाकडी तोरणे खिळलेली दिसतात. ती शोभेची नाहीत. घरातल्या मुलीच्या लग्नात नवरा मुलगा घोड्यावरून येऊन तोरणाला तलवार किंवा काठी टेकवतो आणि मगच आत येतो. लग्नानंतर ते तोरण दारावर तसेच राहते. एखाद्या दारावरची तोरणे मोजली की त्या घरातून किती मुली सासरी गेल्या ते कळते.

पोदार हवेलीत सुमारे साडेसातशे चित्रे असल्याचे सांगितले जाते. ती आज झगझगीत दिसतात, कारण अलीकडे ती पुन्हा रंगवली आहेत. इथे मत स्पष्ट मांडायला हवे. वास्तू उभी राहिली, छप्पर शाबूत राहिले, मुलांना आणि प्रवाशांना एक हवेली तिच्या पूर्ण रूपात पाहता आली, हे मोठे काम आहे आणि शेखावाटीत ते फार थोड्यांनी केले. पण जुन्या चित्रावर नवा रंग चढवला की चित्रातली गोष्ट टिकते आणि चित्रकाराचा हात जातो. मूळ रेषेची जाडी-बारीकी, गालावरची छटा, घोड्याच्या मानेचा एका दमात ओढलेला बाक, हे परत काढता येत नाही. पोदार हवेलीत काय काढले आहे ते पाहून घ्यावे. कसे काढले होते ते पाहायला पुढे चालावे.

पुढचा मुक्काम थोड्याच अंतरावर, मोरारका हवेली. हीही साधारण त्याच काळातली, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरची. तिची दारे सिमेंटने चिणून टाकल्यामुळे कित्येक दशके आत कुणी फिरकले नाही, आणि म्हणूनच आतली चित्रे मूळ रंगात वाचली. आतल्या चौकात रामायणातले प्रसंग आहेत, आणि वरच्या मजल्यावर, आग्नेय कोपऱ्यात वळचणीखाली, चक्क येशू ख्रिस्त आहे. रामकथा सांगणाऱ्या चौकात तो कसा आला, याचे उत्तर त्या काळाच्या बाजारात आहे. तेव्हा छापील चित्रे घरोघर पोचू लागली होती. परदेशी छापे, औषधांच्या आणि कापडाच्या ठाणांवरच्या रंगीत चिठ्ठ्या, दिनदर्शिका यांतले जे डोळ्यांत भरेल ते भिंतीवर गेले. चित्रकाराने त्यात उजवे-डावे केले नाही.

मोरारका हवेलीत भिंतीजवळ उभे राहून गिलावा नीट पाहता येतो, आणि इथली सगळी कला त्या गिलाव्यात आहे. त्याला आराईश म्हणतात. घर बांधणारा चेजारा आणि चित्र काढणारा चितेरा हे बऱ्याचदा एकच असत, आणि ते जातीने कुंभार. माती आणि चुना कधी ऐकतो, कधी ऐकत नाही, हे त्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक. विटांच्या भिंतीवर आधी चुन्याचे जाडेभरडे थर चढत. शेवटच्या थराचा चुना दह्या-ताकाबरोबर पाण्यात दीर्घकाळ मुरवलेला आणि वस्त्रगाळ केलेला असे, त्यात संगमरवराची पूड. हा थर ओला असतानाच चित्र पुरे करायचे. म्हणून एका दिवशी हाताला झेपेल तेवढाच तुकडा लावायचा. टोकदार सळईने आकृतीची रेघ ओल्या गिलाव्यात ओढायची. तिरप्या उन्हात ही कोरीव रेघ आजही उठून दिसते आणि जिथे रंग उडाला आहे तिथे आकृती या रेघेवरच तरली आहे. मग रंग भरायचा, थापीने हलके ठोकायचा, आणि अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घासत राहायचे. शेवटी खोबऱ्याचा हात फिरवायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत वाळतो, त्याचा पुन्हा दगड होतो आणि रंग त्या दगडाच्या आत कोंडला जातो. शंभर-दीडशे उन्हाळे सोसूनही बाहेरच्या भिंतींवर चित्रे दिसतात ती याच कारणाने. चांगली साधलेली आराईश बोटांना आरशासारखी लागते असे सांगतात. मात्र बोट लावून खात्री करण्याचा मोह प्रत्येकाने आवरावा.

चुन्यात सगळे रंग तगत नाहीत. त्यामुळे जुन्या चितेऱ्याची पेटी लहान होती. काळ्यासाठी काजळी, पांढऱ्यासाठी चुना, तांबड्यासाठी गेरू आणि हिरमची, पिवळ्यासाठी पेवडी, निळ्यासाठी नीळ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतून कारखान्यात बनलेले रंग मुंबई-कोलकात्याच्या बाजारात आले आणि तिथून इथे पोचले. त्यांच्याबरोबर लखलखीत निळा आणि भडक लाल आला. हे रंग वाळल्या भिंतीवरही लावता येत. घाई नको, थराचे गणित नको, बारकावे हवे तितके भरता येतात. त्यामुळे काम झपाट्याने वाढले आणि टिकाऊपणा कमी झाला. वाटसरूला याचा एक फायदा होतो. मार्गदर्शक बरोबर नसला तरी भिंतीचे वय त्याला अंदाजाने सांगता येते. गेरूचा तांबडा आणि मातकट पिवळा यांचे राज्य असेल, माणसे एका बाजूने काढलेली आणि सपाट असतील, तर काम जुने. आकाश निळेशार, चेहऱ्यावर छाया-प्रकाश, मागे दूर जाणारा रस्ता, असे असेल तर काम १८७० नंतरचे समजायला हरकत नाही.

अगदी शेवटच्या टप्प्यातल्या चित्रांत देवी-देवता ओळखीच्या वाटू लागतात. त्यांची साडी, त्यांचे दागिने, उभे राहण्याची ढब आपण कुठेतरी पाहिलेली असते. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या रंगीत छाप्यांनी साऱ्या देशाच्या देवघरांचे रूप ठरवले. शेखावाटीचे चितेरेही त्यातून सुटले नाहीत. मळवलीत दगडावरून कागदावर उतरलेली लक्ष्मी इथे कागदावरून चुन्यावर चढली. कलेच्या दृष्टीने हा लाभ होता असे म्हणवत नाही. छाप्याची नक्कल करता करता चितेऱ्याची स्वतःची रेषा सैल पडत गेली, आणि १९०० नंतरच्या बऱ्याच भिंतींत कौशल्य आहे पण जुन्या कामातला जोम नाही.

तो जोम पाहायचा तर भगतांची छोटी हवेली गाठावी. इथे संग्रहालय नाही, पाटी नाही. विचारत जावे लागते. तिच्या पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर आगगाडी आणि आगबोट आहे, आणि त्यांच्या वर गोपींच्या देहांतून साकारलेला हत्ती. या प्रकाराला नारीकुंजर म्हणतात. एकीची वेणी हत्तीची शेपूट होते, दुसरीचा वाकलेला देह सोंड होतो. शेजारीच होळीला नाचणाऱ्या बायका. आत, पश्चिमेकडच्या एका खोलीत, हातात छडी, तोंडात पाइप आणि खांद्यावर चिमुकले कुत्रे घेतलेला एक गोरा साहेब आहे, आणि त्याच्या बाजूला उदास चेहऱ्याने अकॉर्डियन वाजवणारी इंग्रज बाई.

आगगाडीच्या चित्रापाशी थोडे थांबावे. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. शेखावाटीच्या या अंगाला लोहमार्ग यायला विसाव्या शतकाची दोन दशके उलटावी लागली. मधल्या काळात इथल्या भिंतींवर आगगाड्या धावतच होत्या. घरधनी मुंबईहून येताना जे सांगे आणि जो छापील कागद आणी, त्यावरून चितेरा गाडी काढी. म्हणून डबे हवेलीतल्या खोल्यांसारखे दिसतात, ओळीने कमानदार खिडक्या आणि प्रत्येक खिडकीत एक चेहरा. रूळ कुठे शिडीसारखे, कुठे मुळीच नाहीत. याला अडाणीपणा म्हणणे चूक आहे. न पाहिलेली वस्तू ऐकीव माहितीवरून, आपल्याला अवगत असलेल्या आकारांत बसवून, रस्त्यावरच्या सगळ्यांना दिसेल अशी काढायची, हे धाडस आहे. शिवाय ज्या घरातला पुरुष त्या गाडीने गेला आणि वर्षातून एखादे वेळी परतला, त्या घरच्यांना भिंतीवरची गाडी ही नुसती नवलाई नव्हती.

नानसा दरवाज्याच्या बाजूने बाजारात उतरले की गर्दी सुरू होते. भाजीवाले, लाखेच्या बांगड्या तापवून मनगटाला बेतून देणारे कारागीर, बांधणीची आणि लहरियाची लुगडी, मोजड्या. वर पाहत चालले तर दुकानांच्या पाट्यांमागे जुनी चित्रे दिसतात, अर्धी पाटीखाली, अर्धी विजेच्या तारांमागे. गावाच्या मधोमध बाला किला, पण आता किल्ल्यासारखे तिथे फार थोडे उरले आहे. आत दुकाने आहेत, बँका आहेत, भाजीबाजार आहे. एका मिठाईच्या दुकानापाशी विचारणा करून, थोडे पैसे देऊन, वर गच्चीकडे जाता येते. तिथे आहे शीशमहल, राणीची शृंगाराची खोली, अगदी लहान. भिंतींना आरशांचे तुकडे, आणि घुमटाकार छतावर दोन नगरे, जयपूर आणि नवलगढ. रस्ते, तट, दरवाजे, घरे, माणसे, सगळे वरून पाहिल्यासारखे. गावात दोन-तीन तास हिंडून पाय दुखू लागल्यावर ही खोली पाहावी. मान वर करून, ज्या वाटेने आलो ती वाट छतावर शोधता येते. तट तिथे अजून अखंड आहे. नवलगढमधली एकच जागा पाहण्याइतका वेळ कुणाला असेल, तर ती ही. मोठ्या हवेल्यांच्या यादीत तिचे नाव खाली असते, हे काही बरोबर नाही.

किल्ल्याच्या पश्चिमेला आठ हवेल्यांचा समूह आहे. एका कुटुंबाने एका आवारात आठ घरे बांधायला घेतली, त्यांतली सगळी पुरी झाली नाहीत. इथल्या भिंतींवर हत्ती, घोडे, उंट मोठ्या आकारात आहेत आणि आगगाडीही आहे. पलीकडे आणखी मोरारका, परसरामपुरिया, सेक्सरिया, सराफ, चोखानी. या टापूत वाट चुकणे हाच पाहण्याचा उत्तम मार्ग. कुठलीही गल्ली घेतली तरी कोपऱ्यावर काहीतरी निघतेच. नावाजलेल्या हवेलीपेक्षा एखाद्या बिननावाच्या घराच्या तोड्यांमधला वीतभर चौकोन जास्त बोलका असतो. एक पैलवान, एक बाळंतीण, एक सायकलवाला, प्रत्येक चौकोनात एकेकच.

गावाच्या हद्दीबाहेर थोडे चालले तर विहिरी लागतात. त्यांच्या चार कोपऱ्यांवर चार उंच मिनार असतात. वाळूतून येणाऱ्या तांड्याला पाणी कुठे आहे ते लांबून दिसावे म्हणून. हवेली बांधणाऱ्या शेटजींनीच विहिरी, जोहड म्हणजे बांधीव तळी, धर्मशाळा आणि पाठशाळा बांधल्या, आणि घरातल्या थोरांच्या स्मरणार्थ छत्र्या. छत्रीच्या घुमटात आतून गोलाकार रासलीला काढलेली असते. जिथे ऊन-पाऊस पोचत नाही तिथले रंग सर्वांत ताजे.

भिंतीवरची कला थांबली तरी अंगातली थांबलेली नाही. होळीच्या दिवसांत शेखावाटीत गींदड खेळतात. मध्ये नगारा, भोवती रिंगण करून पुरुष टिपऱ्यांवर ताल धरतात, काहीजण सोंगे घेतात. चंगाच्या, म्हणजे मोठ्या डफाच्या तालावरची धमाळ रात्र-रात्र चालते. इथल्या ख्यालाची, म्हणजे गाण्या-नाचातून सांगायच्या नाट्यकथेची, स्वतंत्र परंपरा आहे. चिडाव्याचे नानूराम आणि त्यांचे शिष्य दूलिया राणा हे तिचे मोठे कलावंत. भगतांच्या हवेलीच्या भिंतीवर नाचणाऱ्या बायका पाहून झाल्यावर होळीला इथे असण्याचा योग आला, तर चित्र आणि खेळ यांच्यात फार अंतर नाही हे कळते.

१९३० नंतर चित्रे काढणे जवळजवळ थांबले. परमुलखी गेलेल्या पुरुषांनी कुटुंबेही तिकडे नेली. कोलकात्यात, मुंबईत घरे झाली, नातवंडांना गाव माहीत राहिले नाही. हवेलीचे वारस वाढत गेले. आज एकेका घराला इतके मालक आहेत की दुरुस्तीचा निर्णय कुणी घ्यायचा हे ठरत नाही, आणि विकायचे म्हटले तर सगळ्यांच्या सह्या मिळत नाहीत. दाराला कुलूप, आत एक चौकीदार आणि त्याचे कुटुंब. खालून भिंतीला लोणा लागतो. पूर्वी विहिरीचे पाणी जपून वापरत. नळ आले, सांडपाण्याच्या निचऱ्याची सोय मात्र त्या मानाने झाली नाही, आणि ओल जोत्यातून वर चढली. क्षार गिलाव्याला फोडून बाहेर येतात, पोपडा सुटतो, त्याबरोबर चित्र जाते. म्हणून जवळपास प्रत्येक हवेलीच्या बाहेरच्या भिंतीचा खालचा कमरेएवढा पट्टा उजाड आहे. उरलेल्यावर पत्रके चिकटतात, चुना फासला जातो, खिळे ठोकले जातात. वारा, वाळू आणि ऊन यांनी केलेले नुकसान या मानवी नुकसानीपुढे थोडे आहे.

या भिंतींकडे देशाचे लक्ष गेले ते अमन नाथ आणि फ्रान्सिस वाझ्यार यांच्या १९८२ मधल्या सचित्र पुस्तकाने. त्याच सुमारास इले कूपर या इंग्रज अभ्यासकाने गावोगाव हिंडून भिंतींची नोंद केली. फतेहपूरला नादीन ल प्रँस या फ्रेंच चित्रकर्तीने १९९८ मध्ये एक जुनी हवेली घेऊन तिची मूळ चित्रे राखण्याचा उद्योग मांडला. मांडवा, डुंडलोद इथल्या काही वास्तूंची हॉटेले झाली आणि त्यामुळे त्या टिकल्या. हे सगळे मोलाचे आहे, पण तुटपुंजे आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी ही घरे बांधली त्यांतली अनेक घराणी आज देशातल्या श्रीमंतांपैकी आहेत, आणि त्यांच्या मूळ गावच्या भिंती पोपड्यांनी गळत आहेत. पोदार आणि मोरारका यांनी जे केले ते बाकीच्यांना अशक्य नाही.

ज्याला नवलगढला जायचे आहे त्याने ऑक्टोबर ते मार्च हा काळ निवडावा. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री इथे कडाक्याची थंडी पडते, पण दिवस उत्तम असतात. सकाळी पूर्वेकडच्या भिंती आणि दुपार कलल्यावर पश्चिमेकडच्या, असा क्रम ठेवला तर तिरप्या उजेडात कोरीव रेघाही दिसतील. पूर्ण दोन दिवस हाताशी ठेवावेत, कारण एका दिवसात घरे मोजून होतात आणि चित्रे राहून जातात. कुलूपबंद हवेलीच्या दारात चौकीदाराला हाक मारावी, आत बाईमाणसांची राहती घरे आहेत याचे भान ठेवावे आणि निघताना त्याच्या हातावर चार पैसे ठेवावेत, कारण बऱ्याच ठिकाणी राखणदार म्हणावा असा तोच एक उरला आहे. भिंतीला टेकू नये, हात लावू नये, छायाचित्र उठून यावे म्हणून पाणी मारू नये. आणि जुन्या सामानाच्या एखाद्या दुकानात शेखावाटीचा कोरीव दरवाजा किंवा झरोका विकायला दिसला, तर कितीही आवडला तरी घेऊ नये. चौकट उपटली की भोवतीचा आराईशीचा गिलावा तडकतो, आणि त्यावरचे चित्र पुढच्या एक-दोन पावसाळ्यांत खाली येते.